मदत हवी आहे: स्पीडचा काटा चालतो, किलोमीटरचे आकडे हलत नाहीत (केबलवाला मीटर)

जुनी_आठशे
कार्ब्युरेटरवाली मारुती आठशे आहे. काटा नीट चालतो, थरथरत नाही. आकडे मात्र अडकलेत. नवी केबल टाकली, फरक शून्य. ट्रिप मीटर नाही. घरीच खोलायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू आणि कशाला हात लावू नको, ते सांगा. क्लस्टरमागून (डॅशबोर्डवरच्या मीटरच्या डब्यामागून) केबल निघतही नाहीये.

मीटरमिस्त्री
केबलचे पैसे फुकट गेले. काटा चालतोय म्हणजे केबल फिरतेच आहे. काट्याला गियर लागतच नाही: चुंबक फिरतं, त्यावरची ॲल्युमिनियमची वाटी ओढली जाते आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. आकड्यांचा रस्ता वेगळा. चुंबकाच्या दांड्यावरचा वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गियर) मधला शाफ्ट फिरवतो, मधला शाफ्ट आकड्यांच्या शाफ्टवरचा गियर फिरवतो. तुमचा बिघाड या साखळीत आहे.

आत्ताच्या आकड्याचा फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा. केबल ओढू नका. गिअरबॉक्सकडचं टोक आधी सोडलं की ढील मिळते, मग क्लस्टर पुढे घेऊन मागची क्लिप दाबता येते. काटा उपटू नका. स्प्रिंगचा ताण जरा हलला तरी मीटर पुढे चुकीचाच वेग दाखवणार. जुन्या केबलचं चौकोनी टोक मीटरच्या भोकात घालून फिरवा आणि हालचाल नेमकी कुठे थांबते ते बघा. घाई नको, आकडा सरकायला भरपूर फेरे लागतात.

जुनी_आठशे
पाहिलं. मधला शाफ्ट फिरतो, आकड्यांच्या शाफ्टवरचा गियरही फिरतो, पण शाफ्ट ढिम्म. गियर राखाडी धातूचा आहे, दाते शाबूत. फेव्हिक्विकचा थेंब सोडू का?

खटपट्या
अजिबात नको. तो पातळ असतो, शाफ्टवरून वाहत जाऊन आकड्यांच्या चाकांमध्ये शिरतो आणि सगळं जाम करतो. शिवाय त्याच्या वाफेने काचेवर, आकड्यांवर पांढरी साय धरते.

गियर फक्त दाबून बसवलेला असतो, तो सैल झालाय. पण सैल का झाला? आधी शाफ्ट बोटाने फिरवून बघा. चाकं जड असतील तर दोष वाळलेल्या ग्रीसचा आहे. ते साफ केल्याशिवाय गियर चिकटवलात तर पुन्हा सुटेल नाहीतर दाते जातील.

शाफ्ट मोकळा असेल तर गियर सरकवून काढा. तो बसतो तेवढ्याच जागी पक्कडीने शाफ्टवर बारीक चरे पाडा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल पुसा, काडीच्या टोकावर मावेल इतकंच साधं अराल्डाइट (दोन ट्यूब मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद) लावा, गियर मूळ जागी दाबा. २४ तास हात लावू नका. जास्तीचं आधीच पुसून घ्या.

मीटरमिस्त्री
सहमत. ज्यांचा गियर प्लास्टिकचा आहे त्यांच्यासाठी: भोकापासून दात्यांपर्यंत केसाएवढी चीर असेल तर चिकटवून उपयोग नाही. चिरेपाशी दोन दात्यांमधलं अंतर वाढलेलं असतं, प्रत्येक फेरीत तिथेच अडकतं. दाते मोजा, बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्या. सरळ दात्यांच्या गियरला व्यास भागिले (दाते + २) म्हणजे मॉड्यूल, म्हणजे दात्यांच्या आकाराचं माप: २० दाते, ११ मिमी, तर ०.५. भोकाचं माप आणि जाडीही लिहून ठेवा. नाहीतर कुर्ल्याच्या भंगारात तसाच आख्खा मीटर शोधा, बऱ्याचदा तेच सोपं पडतं.

निवांत_चालक
मीटर बंद असताना जेवढे पळाले तेवढे किलोमीटर अंदाजाने पुढे ढकलून ठेवा ना.

खटपट्या
नको. आकडा आहे तिथूनच चालू द्या. तारीख आणि आकडा सर्व्हिसच्या वहीत लिहा, गाडी विकताना घेणाऱ्याला दाखवा.

जुनी_आठशे
अराल्डाइट लावून ठेवलंय. गाडीत बसवण्याआधी तपासायचं कसं?

मीटरमिस्त्री
केबलचा तुकडा वेग कमी-जास्त होणाऱ्या ड्रिलमध्ये धरा, काटा वर चढेल त्या दिशेने. डायलवर बारीक अक्षरात ६३७ छापलंय का बघा. जपानी धाटणीच्या मीटरवर बऱ्याचदा असतं. म्हणजे केबलचे ६३७ फेरे = १ किलोमीटर. काटा ६० वर स्थिर ठेवला की मिनिटाला एक किलोमीटर पडायला हवा. ड्रिल पूर्ण सोडू नका, ३००० आरपीएम म्हणजे मीटरच्या हिशेबाने ताशी २८० च्या वर.

९ वरून ० येताना खास लक्ष ठेवा, तेव्हा शेजारचं चाकही ओढावं लागतं आणि कच्चा जोड तिथेच सुटतो. केबल बसवताना ग्रीस फक्त खालच्या दोन-तृतीयांश भागाला लावा. वरपर्यंत लावलं तर ते केबलवरून मीटरमध्ये चढतं, वाटी चिकटते आणि काटा नाचायला लागतो.