फ्लामेंको गिटारच्या तबलीला आतून पाच पट्ट्या की सात?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. घरीच पहिली फ्लामेंको गिटार करतोय, ब्लांका, म्हणजे पाठ आणि बाजू सायप्रस लाकडाच्या, तबली (तारांखालची पुढची फळी) स्प्रूस लाकडाची. तबली २.२ मिमीपर्यंत आणली, आता आतल्या पंख्यासारख्या पट्ट्यांपाशी अडलोय. तोर्रेस या जुन्या स्पॅनिश गिटार-कारागिराच्या प्लॅनमध्ये सात आणि खाली दोन तिरक्या, दुसऱ्या प्लॅनमध्ये पाचच. पाचने आवाज जास्त कोरडा, तुटक येतो हे खरं का? वर्षभर पैसे साठवून लाकूड मागवलंय, प्लीज सांगा.

रंधेवाला
भाऊ, आकड्यात अडकू नका, उंची बघा. पट्टीची रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, पण उंची निम्मी केली तर थेट आठवा हिस्सा उरतो. चार मिमीची तीन केली तरी निम्म्याहून खाली येते. म्हणजे पाच-सातपेक्षा तो एक मिमीचा रंधाच जास्त बोलतो. फ्लामेंकोत तारा ब्रिजपाशी (तबलीवर जिथे तारा बांधतात तिथे) तबलीच्या अगदी जवळ असतात, ८ मिमीच्या आसपास, त्यामुळे तबलीवर पीळ कमी बसतो आणि हलक्या पट्ट्या चालून जातात. मी पाच लावेन, थोड्या उंच ठेवून, मग टोकं उतरवत बोटानं टकटक करून ऐकत जायचं. स्पॅनिश पद्धतीत पाठ शेवटी चिकटवतात, तोवर आत हात जातो, घाई कशाला? आणि तबलीचं महत्त्व किती, तर तोर्रेसनं १८६२ मध्ये पाठ-बाजू कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली होती!

होटगीरोड
पट्ट्या ठीक आहेत हो, पण आत्ता पावसाळ्यात चिकटवू नका, कळकळीनं सांगतो. मी जुलैत तबलीच्या आतले आडवे बार चिकटवले आणि एप्रिलमध्ये आपल्याकडचं ४२ डिग्री आलं तशी तबली ब्रिजखाली उभी चिरली, रडू आलं अक्षरशः. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे आडवा बार तसाच राहतो आणि तबली आकसायला बघते, मग फाटणारच. पंख्याच्या पट्ट्या रेषांच्या बाजूनंच जातात, त्यांचा एवढा त्रास नाही. ओलावा मोजायचा हायग्रोमीटर घ्या, हवेतला ओलावा ४५ टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच सरस लावा.

जुळेसोलापूरकर
बाप रे, बार तर याच आठवड्यात लावणार होतो. आता पाच पट्ट्या कापून ठेवतो, ६ मिमी उंच, आणि तबली तशीच घरात वाळू देतो. जानेवारीत, आपल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला हवा कोरडी असते, हायग्रोमीटर बघून तेव्हा चिकटवतो. रंधेवाले दादा, टोकं किती मिमीपर्यंत उतरवू?

रंधेवाला
दीड-दोनवर थांबा, मग ऐका.