क्रूझवर आई-बाबांचे रोजचे कपडे धुवायचे कसे? (अलास्का, ७ रात्री)

सायली_बेलव्ह्यू

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात सांगलीहून आई-बाबा येताहेत आणि त्यांना घेऊन आम्ही सिएटलहून अलास्काची ७ रात्रींची क्रूझ करतोय, केचिकान, जुनो, स्कॅगवे आणि परत येताना व्हिक्टोरिया. बाकी सगळं ठरलं, घोडं अडलंय ते कपड्यांवर. बाबांना आंघोळीनंतर रोज धुतलेलाच बनियन आणि लेंगा लागतो. आणि आई तिचे ब्लाऊज, परकर, आतले कपडे कधीच कुणाकडे धुवायला देत नाही, सांगलीला घरी बाई येते तरी हिचे कपडे हीच पिळणार आणि हीच वाळत घालणार. आमच्या जहाजावर स्वतः धुवायची मशिनं नाहीत असं कंपनीने फोनवर सांगितलं, पिशवीत भरून खोलीत ठेवायचे, ते नेतात आणि दर नगावर लावतात. दोघांचे आठवडाभराचे जोड न्यायचे म्हटलं तर थर्मल, स्वेटर, जाकीट धरून बॅगा एवढ्या होतात की त्या छोट्या खोलीत ठेवायच्या कुठे.

आई म्हणते मी रोज रात्री बाथरूममध्ये धुवीन, त्यात काय एवढं. पण वाळणार कुठे? बाल्कनीची खोली घेतलीय, तिथे दोरी बांधली तर चालतं का? छोटी प्रवासी इस्त्री न्यावी का? आणि आईने विचारायला सांगितलंय की नळाला समुद्राचं खारं पाणी असतं का, खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून. ज्यांनी घरच्या मोठ्या माणसांना नेलंय त्यांनी प्लीज सांगा.

मेधा_फ्रीमाँट

अगं सायली, आईंना धुवू दे, अजिबात अडवू नकोस. मी सासूबाई-सासऱ्यांना नेलं होतं तेव्हा हाच प्रश्न होता आणि तो रात्री धुऊन सकाळी वापरून छान सुटला, फक्त कपडे निवडतानाच विचार करायला हवा. अडचण धुण्यात नाहीच, वाळण्यात आहे. सुती परकर तिथे रात्रभरात वाळत नाही, नेफ्याशी दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो. म्हणून परकर सॅटिनचे किंवा पॉलिस्टरचे घे, दोन पुरतात. ब्लाऊजला अस्तर असेल तर तेही वाळायला वेळ लावतं, बिनअस्तराचे रुबियाचे घे. बाबांना लेंग्याऐवजी पातळ ट्रॅक पँट चालते का विचारून बघ, नाही चालली तर लेंगे जास्त घे आणि बनियन तेवढे रोज धुवा, बनियन वाळतो.

आता युक्ती सांगते. कपडा हाताने पिळून झाला की खोलीतला मोठा कोरडा टॉवेल पलंगावर पसरायचा, कपडा त्यावर सपाट ठेवायचा, टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळीवर गुडघ्याने किंवा दोन्ही हातांनी भार द्यायचा. इतकं पाणी टॉवेल ओढून घेतो की नंतर टांगलेला कपडा ठिबकत नाही. टॉवेल ते रोज बदलून देतात त्यामुळे तो ओला झाला तरी काळजी नाही. बहुतेक जहाजांत शॉवरमध्ये एका बाजूच्या डबीतून ओढून दुसऱ्या बाजूला अडकवायची दोरी असते, आईंना पहिल्याच दिवशी दाखव. पण रात्रभर बाथरूमचं दार लावून ठेवलं तर काही वाळत नाही, दार उघडं ठेवायचं म्हणजे एसीची कोरडी हवा आत जाते. आणि खोलीच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यावर लोहचुंबकाचे हुक चिकटतात, ते चार-सहा घेऊन जा, हँगरला लावून कपडे एसीच्या झोताजवळ टांगता येतात.

पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवते, बुकिंग करतानाच हे बघायचं. प्रिन्सेस, कार्निव्हल, डिस्नी यांच्या जहाजांवर पैसे टाकून स्वतः धुवायची मशिनं असतात, व्हायकिंगच्या समुद्रावरच्या जहाजांवर तर फुकट असतात, रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटीवर नसतात. आईबाबांबरोबर जाताना मला ही गोष्ट जेवणाच्या मेनूएवढीच महत्त्वाची वाटते, कारण रोज स्वच्छ धुतलेलं अंगावर असलं की मोठी माणसं परक्या ठिकाणीही निवांत असतात.

दर्यावर्दी_रत्नागिरी

सायलीताई, मी जहाजावर लॉन्ड्रीत काम केलंय, आता घरी असतो. दोन गोष्टी आधी, बाल्कनीत दोरी बांधू नका आणि इस्त्री बॅगेत टाकू नका. इस्त्री, स्टीमर हे चढतानाच स्कॅनरमध्ये दिसतं, काढून ठेवून घेतात आणि उतरताना परत देतात. हा नियम उगाच त्रास द्यायला केलेला नाही. समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते, तिथे बाहेरून बंब येत नाही, जे काय करायचं ते आम्ही क्रूनेच.

बाल्कनीचं तर घडलेलं सांगतो. २००६ च्या मार्चमध्ये स्टार प्रिन्सेस जहाज जमैकाकडे चाललं होतं आणि पहाटे बाल्कनीतून आग लागली, बघता बघता वरच्या मजल्यांवर पसरली, एका प्रवाशाचा धुराने जीव गेला. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी खात्याने कारण दिलं ते बहुधा कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक, त्याने बाल्कनीतलं काहीतरी पेटलं. त्यानंतर बाल्कनीतल्या सामानाचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. तेव्हा तुमचा तिथे वाळत घातलेला टॉवेल किंवा परकर म्हणजे वरून उडत येणाऱ्या ठिणगीला जागा, आणि वाऱ्याने उडून समुद्रात गेला तर ते आणखी वाईट. केबिन स्टुअर्डला दिसलं की तो काढायला सांगणारच, त्याच्यावर राग धरू नका.

पाणी खारं नसतं, आईंना सांगा. समुद्राचंच पाणी घेतात पण ते उकळून वाफेचं परत पाणी करतात नाहीतर दाबाने गाळून घेतात, आणि काही बंदरात भरून घेतात. हे पाणी मऊ असतं, साबण भरपूर फेसाळतो, म्हणून साबण नेहमीपेक्षा कमी लावायचा, नाहीतर खळबळायलाच वेळ जातो.

आणि जे कपडे बाहेर द्याल त्यांचं काय होतं तेही सांगतो म्हणजे मनातली शंका जाईल. लॉन्ड्री सगळ्यात खालच्या मजल्यांवर, खिडकी नाही, ड्रायरची उष्णता आणि आवाज. हजारो प्रवाशांच्या चादरी, टॉवेल, डायनिंगचे टेबलक्लॉथ, क्रूचे गणवेश, दिवसरात्र पाळीने चालतं. प्रवाशांचे कपडे त्यात मिसळत नाहीत, प्रत्येक पिशवीला खोलीचा नंबर लागतो आणि नगाला छोटी चिठ्ठी चिकटते. पण एक लक्षात ठेवा, पिशवीतले कपडे शक्यतो ड्रायरमध्येच वाळतात, तुमचा कपडा सावलीत टांगायला तिथे कुणाला सवड नसते. म्हणून नवीन सुती कुर्ता, लोकर, जरीचं काहीही त्या पिशवीत घालू नका, आटेल. साडी द्यायची असेल तर धुवायला नको, फक्त इस्त्रीला द्या, फॉर्मवर ते वेगळं असतं आणि धुण्यापेक्षा स्वस्त पडतं. काम करणारी मुलं फार मेहनती असतात, त्यात आपल्या कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी.

अमोघ_व्हँकुव्हर

वरच्या दोघांनी सगळं नीट सांगितलंय, माझं थोडं हवामानाबद्दल. तुमच्या बंदरांत केचिकानला छत्री-रेनकोट हाताशी ठेवा, तिथे वर्षाला १४०-१५० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो पण तो चार महिन्यांत, इथे बाराही महिने. उन्हाळ्यातही थंड आणि दमट, त्यामुळे फिरून आल्यावर पँटच्या घोट्याशी आणि मोज्यांना ओल असतेच. रोजचे कपडे धुण्यापेक्षा हे ओले झालेले वाळवायलाच जागा लागते, म्हणून मेधाताई म्हणतात ते हुक नक्की न्या. आईबाबांना जीन्स घालायला लावू नका, एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. आईंना फिरायला साडीऐवजी पंजाबी ड्रेस चालत असेल तर फार सोपं जाईल, साडी नेसायची असेल तर काठ भिजला तरी झटकून वाळेल अशी सिंथेटिक, आणि चांगली साडी जहाजावरच्या रात्रीच्या जेवणाला.

गावात लॉन्ड्रोमॅट सापडेल पण त्यात दोन तास घालवू नका, जहाज बंदरात असतं तेवढा वेळ बघण्यासाठी आहे.

विषय सोडून आहे पण राहवत नाही, आई-बाबांचा भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिक्टोरियाला जहाज थांबतं म्हणून त्यांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागेल, खाली उतरायचं नसलं तरी लागतो आणि नसेल तर सिएटललाच चढू देत नाहीत. अजून काढला नसेल तर कपड्यांच्या आधी ते बघा.

सायली_बेलव्ह्यू

खूप खूप आभार सगळ्यांचे. कॅनडाचा व्हिसा झालाय, तो अमेरिकेच्या व्हिसाबरोबरच करून घेतला होता. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, खाऱ्या पाण्याची चिंता मिटली. सॅटिनचे परकर सांगलीतूनच घेते म्हणाली. दर्यावर्दी दादा, तुम्ही बाल्कनीचं सांगितलंत ते मला खरंच माहीत नव्हतं, बाबांना तर सवयच आहे सकाळी उठल्यावर पंचा कठड्यावर टाकायची, त्यांना आजच समजावून सांगते. दोन बारीक शंका राहिल्यात. कपडे धुवायच्या साबणाची वडी विमानातून आणि जहाजावर चालते का की पावडर घेऊ? आणि थर्मल रोज धुवायचे का, सासऱ्यांचा एक थर्मल घरी वॉशिंग मशीनमध्ये आखडला होता.

मेधा_फ्रीमाँट

वडीच घे. द्रव नाही त्यामुळे हातातल्या बॅगेतही चालते, सांडत नाही, आणि पावडर बेसिनमध्ये नीट विरघळत नाही. छोट्या डबीत अर्धी वडी पुरेल. थर्मल रोज नको, आत पातळ बनियन घालायचा आणि तो धुवायचा, थर्मल रात्री उलटा करून हुकवर नुसता हवेला ठेवायचा. धुवायचाच झाला तर कोमट पाण्यात, पिळायचा नाही, टॉवेलमध्येच दाबायचा आणि आडवा वाळवायचा, आणि दादा म्हणाले तसं तो पिशवीत अजिबात जाऊ देऊ नकोस.

दर्यावर्दी_रत्नागिरी

वडी चालते. बेसिनला बूच असतं, ते लावून पाणी भरून धुवा, नळ सोडून ठेवू नका. आणि शॉवरच्या दोरीवर ओली जीन्स किंवा टॉवेलचा ढीग टाकू नका, बारीक दोरी असते, डबीतून उपटून येते. बनियन, ब्लाऊज, मोजे एवढंच तिच्यावर, बाकीचं हुकवर. पहिल्या दिवशी स्टुअर्डकडून चार हँगर जास्तीचे मागून घ्या, नंतर शिल्लक नसतात.