स्टाइल गाइड: मायक्रोसॉफ्टचं, गूगलचं की घरचं?

टिपणवही
सॉफ्टवेअर प्रॉडक्टचं इंग्रजी डॉक्युमेंटेशन आहे, लेखक चार. तेच बटण एका पानावर 'क्लिक' करायचं, दुसऱ्यावर 'सिलेक्ट'. लेखनाचे नियम ठरवणारं स्टाइल गाइड म्हणून मायक्रोसॉफ्टचं धरावं, गूगलचं, की दोन्हीतलं बरं ते घेऊन स्वतःचं लिहावं? आणि लिहिलेलं गाइड कोणी उघडतच नाही, त्याला काय करायचं?

पूर्णविराम
भेसळ नको, एकच धरा. बहुतेक बाबतीत दोघांचं एकमतच आहे: हेडिंगमध्ये पहिला शब्द आणि विशेषनामं एवढीच कॅपिटल, यादीत शेवटच्या 'अँड'आधी स्वल्पविराम, वाचकाला थेट 'यू', वर्तमानकाळ. फरक आहे तो नेमका तुमच्या बटणापाशी. वाचकाच्या हाताखाली माउस आहे, टचस्क्रीन की कीबोर्ड हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून मायक्रोसॉफ्ट 'सिलेक्ट' म्हणतं. गूगलला डेस्कटॉपसाठी 'क्लिक' चालतं. प्रॉडक्ट टॅबलेटवरही चालत असेल तर मायक्रोसॉफ्ट घ्या. एपीआय (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची सोय) आणि कमांड-लाइनचं काम जास्त असेल तर गूगल.

घरचं गाइड दोन-तीन पानांत आटपा. त्यात फक्त अपवाद आणि शब्दयादी: वापरायचा शब्द, टाळायचा शब्द, एक नमुना वाक्य. सगळ्यात वर प्राधान्यक्रम लिहा, म्हणजे आधी घरचं, मग निवडलेलं गाइड, मग एक ठरलेला शब्दकोश. हा क्रम नसला की प्रत्येक रिव्ह्यूत तोच वाद.

एक नियम मात्र ठळक करा: अट आधी, कृती नंतर. 'रीस्टार्ट दाबा, बॅकअप पूर्ण झाला असेल तर' असं लिहिलं की 'तर'पर्यंत पोचण्याआधीच वाचक बटण दाबून मोकळा.

कंसातला
कोणी उघडत नाही, तर गाइडच त्यांच्या फाइलपर्यंत न्या. 'व्हेल' हा मोफत लिंटर आहे, म्हणजे मजकूर तपासून नियमभंग दाखवणारं साधन. त्याच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये 'पॅकेजेस'समोर गाइडचं नाव लिहून 'व्हेल सिंक' चालवा. तेच नाव 'बेस्ड-ऑन-स्टाइल्स'मध्येही हवं, नाहीतर पॅकेज उतरतं पण एकही नियम लागू होत नाही. प्रॉडक्टची नावं 'अ‍ॅक्सेप्ट' यादीत टाका, म्हणजे ती चूक धरली जात नाहीत.

पहिल्याच दिवशी सगळ्या जुन्या पानांवर चालवू नका. इशाऱ्यांचा पाऊस पडतो आणि टीम ते बंदच करते. पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासणीसाठी पाठवतात त्यात) बदललेल्या फाइलींपुरतंच चालवा, शब्दयादीच्या चुका 'एरर', बाकी 'सजेशन'. कर्मणी प्रयोगाला तर एरर कधीच नको. 'लॉग फाइल आपोआप डिलीट केली जाते' यात कर्ता कोण, याच्याशी वाचकाला देणंघेणं नसतं.

टिपणवही
स्क्रीनवरचं लेबलच गाइडच्या विरुद्ध असेल तर?

पूर्णविराम
लेबल जसंच्या तसं, अगदी कॅपिटलसकट. वाचक तेच अक्षर स्क्रीनवर शोधतो. यूआय (स्क्रीन बनवणाऱ्या) टीमकडे बग टाका, ते सुधारलं की मग पान बदला.

कंसातला
हार्डवेअरचं मॅन्युअल असेल तर एएसडी-एसटीई१०० पाहा. विमान-देखभालीसाठी निघालेलं मानक आहे: कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त 20 शब्द, वर्णनाच्या वाक्यात 25. त्यात 'टेस्ट' फक्त नाम म्हणून चालतो, क्रियापद म्हणून नाही. एवढी कडक शब्दसंपदा सॉफ्टवेअरला झेपणार नाही, पण 20 शब्दांची मर्यादा जरूर उचला.