आइकमनला नेमकं कोणी पकडलं?

दादा: आप्पाकाका, काल जेवताना आइकमनचं सांगत होतात, ते अर्धवटच राहिलं.

आप्पाकाका: हो रे. लाखो ज्यूंना रेल्वेच्या डब्यांत कोंबून छळछावण्यांत धाडायची आखणी ज्याच्या टेबलावर व्हायची, तो नाझी अधिकारी १९५० पासून अर्जेंटिनात रिकार्डो क्लेमेंट नावाने राहत होता. मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात नोकरी, बसने ये-जा. त्याला पकडलं म्हणून सगळे मोसादचं, म्हणजे इस्रायलच्या गुप्तहेर संघटनेचं, नाव घेतात. मी आधी लोथार हेरमान यांचं घेईन.

ताई: ते कोण?

आप्पाकाका: जर्मनीतली डाखाऊची छळछावणी भोगलेले, अर्जेंटिनातच राहणारे अंध गृहस्थ. त्यांच्या मुलीची, सिल्व्हियाची, आइकमनच्या थोरल्या मुलाशी ओळख झाली. बापाने नाव बदललेलं, पोरगा मात्र आइकमन हेच आडनाव लावायचा! हेरमानना संशय आला. सिल्व्हिया खात्री करायला थेट आइकमनच्या घरी जाऊन आली.

आत्या: बाई गं, त्या घरात!

आप्पाकाका: हेरमाननी जर्मनीतले सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांना कळवलं. आपल्याच खात्यातून बातमी फुटेल या धास्तीने बाउअरनी १९५७ मध्ये ती इस्रायलला दिली. मोसादचा माणूस घर बघून गेला, पण एवढा मोठा नाझी असल्या गरीब वस्तीत राहील हे त्यांना पटेना. दोन वर्षं वाया गेली. मला याचा अजून राग येतो.

दादा: मग ११ मे १९६०.

आप्पाकाका: हो. ब्युनोस आयर्सजवळ, गॅरिबाल्डी रस्ता. नेहमीच्या बसमधून तो उतरलाच नाही. मोसादचं पथक थांबून राहिलं. आठ वाजून गेल्यावर आला, तेव्हा पथकातल्या पीटर माल्किनने झडप घातली. नऊ दिवस एका घरात लपवला, मग गुंगीचं औषध देऊन, विमान कर्मचाऱ्याचा गणवेश चढवून एल-आल या इस्रायली कंपनीच्या विमानात बसवला.

वहिनी: पण दुसऱ्याच्या देशातून माणूस पळवून न्यायचा? मला नाही पटत. उद्या कोणीही कोणालाही उचलेल.

आप्पाकाका: तुझं बरोबर आहे. सुरक्षा परिषदेनेही ठराव १३८ करून इस्रायलला अर्जेंटिनाची भरपाई करायला सांगितलं. पण आइकमनला न्यायासमोर उभं करावं, ही सगळ्या देशांतल्या लोकांची भावनाही त्यातच नोंदवली आहे.

आत्या: मला खटला मोठा वाटतो. रस्त्यातच गोळी घातली असती तर छावण्यांतून वाचलेली माणसं १९६१ मध्ये जेरुसलेमच्या कोर्टात बोलली असती का? कित्येक जणांनी तोवर घरातही तोंड उघडलं नव्हतं.

छोटी: आप्पाआजोबा, सिल्व्हिया केवढी होती तेव्हा?

आप्पाकाका: शाळकरी गं. जवळपास तुझ्याएवढीच.