‘खर्चाबाबत आदेश नाही’ म्हणजे खर्च कुणी द्यायचा?

निपाणीकर: आमच्या एका वकील नातेवाइकांची सनद राज्य बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) शिस्त समितीनं निलंबित केली होती, दिल्लीच्या अपिलात ती परत मिळाली. इंग्रजी निकालाच्या शेवटी ‘नो ऑर्डर ॲज टू कॉस्ट्स’ आहे. घरच्यांसाठी मी ‘खर्चाबाबत आदेश नाही’ असं मराठी केलं. आत्या म्हणतात, “बरं झालं, खर्च लागला नाही!” आता काय लिहू?

खानापूर: ‘ज्याचा खर्च त्यानं सोसावा’ असं लिहा की. आत्यांना लगेच कळेल.

निवृत्त शिरस्तेदार, बेळगाव: अर्थ तोच निघतो, पण निकालाच्या तोंडी ते घालू नका. ‘आपापला खर्च सोसावा’ हा आदेश झाला. इथं अपील ऐकणारी समिती खर्चावर काही बोललेलीच नाही.

गोंधळ होतो तो ‘दावा खर्चासह फेटाळला’ हे कानात बसल्यामुळं. दिवाणी दाव्यात साधारणपणे हरणारा जिंकणाऱ्याचा खर्च देतो. तसं करायचं नसेल तर न्यायाधीशानं कारण लेखी द्यायचं, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35. सनदेच्या प्रकरणाला मात्र वकील अधिनियम 1961 चं कलम 43 आहे. शिस्त समितीला योग्य वाटेल तसा ती खर्चाचा आदेश देते, आणि दिला तर त्याची अंमलबजावणी कोर्टाच्या आदेशासारखी होते. नाही दिला तर जिंकूनही पदरमोडच. त्यात कलम 37 चं अपील 60 दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे, त्यापुढचं सर्वोच्च न्यायालयात. उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडला, हाकेच्या अंतरावर, पण या वाटेत ते येतच नाही. प्रवास, लॉज, वकीलफी... याला भुर्दंडच म्हणायचं.

चिकोडी: काका, भुर्दंड बोलायला ठीक. त्यात नाहक पडलेला खर्च असा सूर आहे, भाषांतरात नको. ‘दंड’ही नको. तारीख मागितल्यावर ‘कॉस्ट बसली’ म्हणतात, तेव्हा ती दंडासारखी वाटते खरी. पण ते पैसे बहुधा समोरच्या पक्षकाराला मिळतात, दंड सरकारजमा होतो.

खानापूर: कन्नडातही ‘खर्चु-वेच्च’च म्हणतात. तिथंही कुणी कुणाला द्यायचा ते सांगावंच लागतं.

निपाणीकर: मग ओळ आहे तशीच ठेवते, आणि खाली वेगळी टीप: ‘म्हणजे अपिलाला लागलेले पैसे समोरच्याकडून मिळणार नाहीत, आपले आपणच सोसायचे.’

निवृत्त शिरस्तेदार, बेळगाव: ‘आणि त्यांचेही आपण द्यायचे नाहीत’ एवढं जोडा. आत्यांचा अर्धा आनंद तरी राहील.