लंडनच्या दुकानात स्कॉटलंडची वीसची नोट घेतली नाही. असं नाकारता येतं का?

लीथची लेक:
नमस्कार मंडळी. मी सहा वर्षं एडिनबरात, लीथला राहते. आई-बाबा विट्याहून दोन महिन्यांसाठी आलेत. गेल्या शनिवारी त्यांना लंडन दाखवायला नेलं. किंग्ज क्रॉसला उतरून थोडं पुढं गेलो तर एक छोटं दुकान लागलं. तिथं पाण्याची बाटली, केळी आणि दोन सँडविच घेतली. "आज पैसे मी देणार," म्हणत बाबांनी खिशातून बँक ऑफ स्कॉटलंडची वीस पौंडांची नोट काढली. काउंटरवरच्या मुलानं ती उलटसुलट बघितली, "ही इथं चालत नाही" म्हणाला, नोट परत सरकवली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडं वळला. नोटेवर 'पौंड स्टर्लिंग' छापलेलं मी दाखवलं, तरी तो मान हलवत राहिला. शेवटी मी कार्डानं पैसे दिले.

बाबा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. आठवडी बाजाराच्या दिवशी भरलेल्या गाडीत तेलकट, ओल्या, चुरगळलेल्या नोटा घेऊन त्यांनी तिकिटं फाडलीत, आणि डेपोत रोकड भरताना त्यांचा हिशोब कधी चुकला नाही. तो माणूस दुकानाबाहेर फुटपाथवर उभा राहून नोट उजेडाला धरून विचारतो, "पोरी, मशीननं खोटी नोट दिली व्हय?" लीथच्या एटीएममधून ती मीच काढून दिली होती. त्यानंतर दिवसभर त्यांनी पाकीट बाहेर काढलं नाही. वीस पौंडांचं काही नाही हो, मला त्या पाकिटाचं वाईट वाटतंय.

दुकानदाराला असं नाकारता येतं का? आणि अशा आणखी तीन नोटा आहेत. पुढच्या बुधवारी ते परत निघतायत. बरोबर दिल्या तर भारतात बदलून मिळतील का?

क्रॉयडनचा गल्ला:
ताई, शिकत असताना मी दोन वर्षं एका दुकानात गल्ल्यावर होतो, म्हणून त्या बाजूचं सांगतो. स्कॉटलंडमध्ये तीन बँका नोटा काढतात आणि तिघींची चित्रं वेगवेगळी. आम्हाला बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा ओळखायला शिकवलं होतं, बाकीच्यांबद्दल अवाक्षर नाही. खोटी नोट घेतली तर बोलणी आपल्यालाच बसणार, ही धास्ती असते. पहिल्यांदा त्यातल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची मॅकरेल माशांची पाचची नोट हातात आली तेव्हा मीही ती परत केली होती. एक वयस्कर बाई होत्या, काही न बोलता निघून गेल्या. आजही ते मनाला लागतं. पुढच्या वेळी मॅनेजरला बोलवा म्हणून सांगा, त्यांना बहुधा माहीत असतं.

बेलफास्टचा हिशोबनीस:
आमच्या उत्तर आयर्लंडच्या नोटांचीही हीच कथा. नियम सांगतो. नोट शंभर टक्के खरी आणि संसदेच्या कायद्याखाली काढलेली आहे. तरीही दुकानदार नाकारू शकतो, कारण पैसे कशा रूपात घ्यायचे हे तो ठरवतो. 'लीगल टेंडर'चा, म्हणजे कायद्यानं घ्यावंच लागणाऱ्या चलनाचा, मुद्दा लोक मध्ये आणतात, पण तो फक्त आधीच झालेलं कर्ज फेडण्यापुरता. त्या अर्थानं स्कॉटिश नोट खुद्द स्कॉटलंडमध्येही लीगल टेंडर नाही, आणि बँक ऑफ इंग्लंडची नोटही तिथं नाही! त्यामुळं दुकानात त्यावरून वाद घालू नका.

बाबांना मात्र एक जरूर सांगा. 2009 च्या बँकिंग कायद्यानुसार या बँकांना चलनातल्या आपल्या नोटांइतकी मालमत्ता कायम राखून ठेवावी लागते. त्यातल्या बऱ्याचशा भागासाठी बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत दहा लाख आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा असतात. त्यांना 'जायंट' आणि 'टायटन' म्हणतात, त्या बाजारात कधी येत नाहीत. म्हणजे बाबांच्या वीसच्या मागं पूर्ण वीस उभे आहेत.

आणि नोटेवरचा माणूस बघा, कादंबरीकार वॉल्टर स्कॉट. 1826 मध्ये लंडनच्या सरकारनं पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्यानं वर्तमानपत्रात पत्रं लिहून रान उठवलं. स्कॉटलंडच्या छोट्या नोटा त्यामुळं वाचल्या.

कोथरूडला परतलेली:
भारतात अजिबात नेऊ नका. मी ग्लासगोहून साठ पौंड आणले होते. पुण्यात दोन ठिकाणी साफ नकार मिळाला, तिसऱ्यानं इतका पडेल भाव सांगितला की मीच उठले. शेवटी तिकडं जाणाऱ्या मैत्रिणीकडं दिल्या. तुमच्या बँकेच्या शाखेत जाऊन इंग्लंडच्या नोटा मागा, नाहीतर स्वतःच्या खात्यात भरा. आपल्याकडं दहाच्या नाण्याचं असंच झालं होतं ना? रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्ये चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत म्हणून सांगितलं, तरी आमचा भाजीवाला पुढं कितीतरी दिवस घेत नव्हता.

लीथची लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी काही न विचारता तीन नोटा बदलून दिल्या, बाबांनी त्या दोनदा मोजल्या. लंडनला नाकारलेली चौथी मात्र त्यांनी दिली नाही. तिच्या मागच्या बाजूला फोर्थचा रेल्वे पूल आहे, आणि परवाच आम्ही गाडीनं त्यावरून गेलो होतो. जायंट-टायटनचं सांगितल्यावर म्हणाले, "मग डेपोतल्या दोस्तांना दाखवतो की, खरी नोट हाय म्हणून."