नव्या कंत्राटदारानं सुरुवातीला 'विथ मटेरियल', म्हणजे मालासकट, काम घेऊ नये. तुमचं मत काय?

कंत्राटदार, पाचगाव
दुसऱ्याच्या साइट सांभाळणारी आपल्याकडची बरीच पोरं आता स्वतःच्या नावावर काम घेऊ लागलीत. चांगलंच आहे. पण माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिली दोन-तीन कामं लेबर रेटनंच, म्हणजे नुसत्या मजुरीवर, घ्या. सिमेंट, सळई, क्रश सँड (दगडाची वाळू) घरमालकानं आणावी.

हजार फुटांच्या आरसीसी घराला साधारण चार टन सळई लागते. फुटाचा दर बांधून घेतला आणि नंतर सळई किलोला दहा रुपयांनी चढली, की चाळीस हजार तुमच्या खिशातनं गेले. 2022 च्या मार्च-एप्रिलात दर कसा चढला होता ते आठवा. शिवाय जीएसटी आहे. एका स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाची निव्वळ मजुरी करमुक्त आहे. तेच काम माल घालून केलं की ते वर्क्स कॉन्ट्रॅक्ट धरतात, त्यावर 18 टक्के जीएसटी. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि माल धरून एका बंगल्यातच तेवढी होते.

आरसीसी कामवाला, उचगाव
पटत नाही दादा. लेबर रेटवर सुरू करणारा लेबर रेटवरच म्हातारा होतो. मालकानं दोन दिवस सिमेंट टाकलं नाही तर गवंडी, बिगारी बसून. ती हजेरी कोण देणार? माल माझा असला की स्लॅबची तारीख मी ठरवतो. दरवाढीची भीती असेल तर करारात त्या दिवसाचा सळई-सिमेंटचा दर लिहा. चढला तर फरक मालकानं द्यायचा, उतरला तर आपण परत करायचा. आणि दुकानदाराकडं पत माल उचलूनच तयार होते, नुसत्या मजुरीनं नाही.

घरमालक, फुलेवाडी
लेखी करार म्हटलं की कंत्राटदारच अंग काढून घेतात, हा माझा अनुभव. 'एक्स्ट्रा काम' म्हणून शेवटी जे बिल आलं, त्यातलं निम्मं आधी कुणी बोललंच नव्हतं. सळई कुठली, गिलावा किती हातांचा, पाण्याची टाकी कुणी बांधायची, हे सगळं कागदावर देणारा मिळाला तर मी फुटाला जास्त दर देईन.

कंत्राटदार, पाचगाव
उचगावकर, फरकाचं कलम बरोबर आहे. पण नव्या पोराला पहिलं काम भावकीतनं नाहीतर मित्राच्या ओळखीनं मिळतं. तिथं कलमं काढायला जीभ रेटत नाही. हप्तेही तसेच, काम झाल्यावर मागितले जातात. प्लिंथ (जोतं) झाली की स्लॅबचा हप्ता आधी हातात पाहिजे, तरच माल आणता येतो. 2019 आणि 2021 च्या पुरात कामं थांबली, दुकानदारांचे तगादे थांबले नाहीत. ज्याचा माल उधारीवर होता त्याचे हाल झाले.

हिशेब सांभाळणारी, राजारामपुरी
आमच्या घरच्या धंद्याच्या वह्या मी लिहिते. मालावर एवढी चर्चा चाललीय, माणसांबद्दल एक शब्द नाही, याचं वाईट वाटलं. परांचीवरनं गवंडी पडला तर माल कुणाचा होता हे कुणी विचारत नाही, भरपाई त्याला कामावर ठेवणाऱ्यानं द्यायची असते. पहिल्या कामाच्या आधी मजुरांची विमा पॉलिसी काढा. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तोही त्यांना मागायला लावू नका, आपणहून द्या. त्यावर त्यांच्या पोरांची शिष्यवृत्ती अवलंबून असते. आम्ही दाखला देतो. दुसरीकडं हजेरी थोडी जास्त मिळत असली तरी आमची जुनी माणसं हलत नाहीत.

आरसीसी कामवाला, उचगाव
वहिनी, हे मनापासून पटलं. माल मात्र मी स्वतःच घालणार, त्यात बदल नाही. पॉलिसी साइटप्रमाणं काढता की वर्षाची?

हिशेब सांभाळणारी, राजारामपुरी
वर्षाची. वर्षभरात मजुरीला किती पैसे जातील त्या अंदाजावर हप्ता ठरतो. हजेरीपट रोजच्या रोज लिहा, दावा करायची वेळ आली तर पहिला तोच मागतात.